गाडीची शाकारणी

जुनी गाडी दिसली की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. मॉडेल कुठलं? इंजिन ओरिजिनल आहे का? अ‍ॅव्हरेज किती देते? रंग कंपनीचाच का? आणि शेवटी हळूच, "विकायची आहे का?" पण आजवर मला कुणी विचारलेलं नाही, की "दाराची रबरं कधी बदललीत?" विचारावं असं त्यात काही नाहीच म्हणा. दाराच्या कडेला चिकटवलेली काळी पट्टी ती. उघडताना पँटला लागते, बंद करताना दिसत नाही.

तरीसुद्धा गेले काही महिने या काळ्या पट्टीच्या मागे लागल्यावर माझं मत असं झालंय, की आपल्याकडे कुठली जुनी गाडी आज रस्त्यावर आहे आणि कुठली भंगारात गेली, याचा निकाल इंजिनाने फार कमी वेळा लावला. तो लावला पावसाने. आणि पाऊस आत शिरायचा की नाही, हे ठरवलं रबराने.

कोकणात ज्यांचं घर आहे किंवा होतं त्यांना शाकारणी सांगायला नको. नळीची कौलं असलेलं घर दर वर्षी पावसाच्या आधी शाकारावं लागतं. कौलं उतरवायची, फुटकी काढायची, कुजलेली रीप बदलायची, पुन्हा रचायची. पडवीला झड लागू नये म्हणून झापं बांधायची. हे केलं नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत वासे कुजतात, मग भिंत बसते, आणि मग लोक म्हणतात, "घर जुनं झालं होतं, पडलं." घर जुनं झालं म्हणून पडत नाही हो. शाकारलं नाही म्हणून पडतं. शंभर वर्षांच्या घरावरची कौलं काही शंभर वर्षांची नसतात, आणि तरी त्या घराला कुणी नवीन म्हणत नाही.

गाडीचं रबर म्हणजे तिची शाकारणी. आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. पण त्याच्यामागे जो इतिहास सापडला तो इतका मजेदार निघाला, की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तर बसा जरा निवांत.

पाणी अडवायला रबर वापरायचं हे माणसाला फार आधी सुचलं होतं. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा पातळ थर देऊन पाणी न झिरपणारं कापड केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. हॉस्पिटलात काम केलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल. पलंगावर घालायच्या रबरी कापडाला आपल्याकडच्या नर्सबाई अजून 'मॅकिंटॉश'च म्हणतात. अडचण एकच होती. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत ताठ. म्हणजे पाऊस थांबायचा, पण कोट अंगाला चिकटायचा!

यावर उपाय सापडला १८३९ मध्ये. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर नावाच्या, कर्जात बुडालेल्या आणि त्यापायी तुरुंगात जाऊन आलेल्या एका गृहस्थाला कळलं, की रबरात गंधक घालून तापवलं की ते ना वितळत, ना ताठरत, फक्त लवचीक राहतं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने १८४३ मध्ये याच प्रक्रियेचं पेटंट मागितलं आणि गुडइयरला अमेरिकेतलं पेटंट १८४४ मध्ये मिळालं. रोमन लोकांच्या अग्निदेवाच्या, व्हल्कनच्या नावावरून या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर जे 'व्हल्कनायझिंग' लिहिलेलं असतं ते हेच. गुडइयर १८६० मध्ये गेला तो कर्जबाजारीच. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये, आणि तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घराण्याचा काही संबंध नव्हता.

म्हणजे मोटारगाडी जन्मायच्या चाळीसेक वर्षं आधीच तिच्या दाराचं रबर तयार होतं. फक्त दारच नव्हतं! सुरुवातीच्या मोटारी टांग्यासारख्या उघड्या. पाऊस आला की कॅनव्हासचा टप ओढायचा आणि भिजायचं. १९१९ च्या सुमाराला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहातल्या जवळजवळ नऊ गाड्या अशा उघड्या होत्या. त्यानंतर बंद बॉडी स्वस्त होत गेली आणि १९२९ पर्यंत चित्र पुरतं उलटलं, दहातल्या नऊ बंद. दारं आली, वरखाली होणाऱ्या काचा आल्या, आणि त्याबरोबर फटी आल्या. पहिल्यांदा या फटींना कापडात गुंडाळलेली जाड दोरी, नमदा, चामड्याची पट्टी असलं काहीतरी लावत. मग हळूहळू सगळीकडे रबर आलं.

तरी त्या काळात रबर फाटलं तर जीवावर बेतायचं नाही. कारण गाडीला खाली जाड लोखंडी चासी असायची आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली असायची. पाणी आत गेलं, गालिचा कुजला, फ्लोअरला भोक पडलं, तरी चासी भक्कम. ट्रकचं आजही असंच असतं. केबिन सडली तरी ट्रक चालतो.

इथे आपल्या गोष्टीत फियाट येते.

१९५३ मध्ये फियाटने नवी ११०० काढली. दान्ते जियाकोसा या त्यांच्या प्रसिद्ध इंजिनियरच्या देखरेखीखाली झालेली ही गाडी. तिला वेगळी चासी नव्हती. फ्लोअर, दाराखालचे उंबरठे, खांब, छप्पर असं सगळं पत्र्याचंच, एकमेकांना वेल्ड केलेलं, आणि सगळा भार त्या पत्र्यानेच पेलायचा. याला मोनोकॉक म्हणतात. गाडी हलकी झाली, चपळ झाली, पेट्रोल कमी खायला लागली. पण आता दाराखालचा उंबरठा हा गाडीचा कणा झाला. तिथे पाणी साचून पत्रा सडला तर गाडी मधेच वाकायला लागते. दारं खाली लोंबतात, बंद करायला उचलून धरावी लागतात. जुन्या गाड्यांची दारं अशी का होतात याचं कारण बिजागरीत शोधतात, आणि ते बहुतेक वेळा उंबरठ्यात असतं.

आणि उंबरठ्यात पाणी कुठून येतं? पुढच्या काचेच्या आणि दाराच्या फाटक्या रबरातून.

म्हणजे पूर्वी जी पट्टी फक्त गालिचा वाचवत होती, ती मोनोकॉक आल्यावर गाडीचं आयुष्य वाचवायला लागली. तिची किंमत वाढली नाही, मान वाढला नाही, जबाबदारी मात्र वाढली. (घरोघरी अशी एक व्यक्ती असतेच, नाही का?)

ही गाडी तुरीनची. तुरीनला वर्षभरात मिळून पाऊस पडतो तो हजार मिलिमीटरच्या आतला, आणि तोही बाराही महिने थोडाथोडा. ती आली कुठे? तर कुर्ल्याला! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आधी क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या आणि मग फियाटशी करार झाला. १९५३ ची ११०० आपल्याकडे आली ती पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, नाकाडावरून लोकांनी जिला 'डुक्कर फियाट' नाव ठेवलं ती. नंतर १९६४ पासून ११०० डी म्हणजे 'डिलाइट' आली. मुंबईत सांताक्रूझला एका पावसाळ्यात २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत. कोकणात चिपळूणकडे तो तीन हजारांच्या पुढे जातो. तुरीनच्या पावसाचा विचार करून आखलेली पट्टी इथे जून उजाडला की किती वेळा शरण आली असेल, कल्पना करा.

आमच्या काकांची गाडी १९६८ ची डिलाइट. घरातल्या सगळ्यांना ती माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. काकांनी ती १९७७ मध्ये दादरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. तेव्हा नवीन गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे जुनी फियाटही काही स्वस्त मिळत नसे. निवृत्त झाल्यावर काका ती घेऊन चिपळूणजवळ गावी गेले आणि गाडीही तिथे पडवीला लागून उभ्या केलेल्या शेडमध्ये स्थायिक झाली.

काकांचा दर वर्षीचा एक कार्यक्रम असे. मे महिन्यात घर शाकारायला गडी आले, की काका एक वाटी ग्लिसरीन आणि मऊ फडकं घेऊन गाडीकडे जात. चारी दारांची, डिकीची, पुढच्या-मागच्या काचेची रबरं आधी साध्या पाण्याने पुसायची, वाळवायची आणि मग त्यावर ग्लिसरीनचा हात फिरवायचा. आम्ही मुलं विचारायचो, "काका, तेल का नाही लावत?" तर म्हणत, "तेलाने रबर फुगतं आणि कुजतं. त्याला ग्लिसरीन पाहिजे." हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण बरोबर होतं. इंजिन ऑइल, ग्रीज, रॉकेल, पेट्रोल यांनी रबर खराब होतं. ग्लिसरीनने ते मऊ राहतं आणि पत्र्याला चिकटत नाही.

गेली काही वर्षं काकांना वाकणं जमत नाही. त्यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली. पाच-सहा पावसाळे ग्लिसरीनशिवाय गेले आणि रबरांनी मान टाकली. या वर्षी गाडीचं काम काढलं तेव्हा पुढच्या काचेचं रबर नखाने दाबलं तर खडूसारखी भुकटी पडली. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खाली पत्रा तपकिरी पापुद्र्यांचा, आणि एका जागी चक्क जमीन दिसत होती.

रबर असं का होतं? झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराच्या रेणूंची लांबलचक साखळी असते आणि त्या साखळीत ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात. गंधक तिथेच काम करतं म्हणून रबर लवचीक होतं, पण हवेतला ओझोनही तिथेच हल्ला करतो. हवेत तो अगदी नगण्य असतो, तरी तेवढा पुरतो. रबर ताणलेलं असेल तर तडे लवकर पडतात, आणि ताणाच्या बरोबर काटकोनात पडतात. जुन्या गाडीच्या पुढच्या काचेचे चारही कोपरे बघा. सरळ भागात रबर बरं दिसेल, पण कोपऱ्यावर, जिथे ते वळताना ताणलेलं असतं, तिथे आडव्या चिरा दिसतील. पाणी पहिल्यांदा तिथूनच येतं.

इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. ओझोनला दाद न देणारं रबर पुढे निघालं, ईपीडीएम नावाचं. इथिलीन आणि प्रोपिलीन यांच्यापासून केलेलं. याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात, त्यामुळे ऊन, पाऊस, ओझोन यांचं फारसं काही चालत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या दारांना हेच असतं. ते ज्यांच्या संशोधनातून शक्य झालं त्यांतले एक म्हणजे ज्युलिओ नाट्टा, मिलानचे. कार्ल झिगलर यांच्याबरोबर त्यांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिलान ते तुरीन अंतर दीडशे किलोमीटरच्या आत! पण ११०० आली १९५३ मध्ये आणि ईपीडीएम बाजारात आलं ते १९६० च्या दशकात. शेजारच्या गावात औषध निघालं, पण रोग्याचा जन्म दहा वर्षं आधीचा.

काकांच्या गाडीच्या मूळ रबरात कुठल्या झाडाचा चीक होता? शक्यता मोठी आहे की केरळातल्या. रबराचं झाड मूळचं अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यातल्या जेमतेम २,७०० च्या आसपास रुजल्या, आणि त्यांची बरीचशी रोपं श्रीलंकेला गेली. आपल्याकडे केरळात पेरियारच्या काठी थट्टेकाडला १९०२ मध्ये व्यापारी लागवड सुरू झाली. आशियातल्या रबराच्या मळ्यांतली बहुतेक झाडं त्या थोड्याशा रोपांची लेकरं आहेत. अ‍ॅमेझॉनचं झाड, लंडनमार्गे केरळात, आणि त्याचा चीक कुर्ल्यात इटालियन गाडीच्या दाराला. जागतिकीकरण १९९१ मध्ये आलं असं कोण म्हणतं?

असो. आता नवीन रबरं शोधायची होती. इथे मला अजून एक गोष्ट कळली, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसलो ते याच्यामुळेच.

इटलीत ११०० डी बनली १९६२ ते १९६६, म्हणजे चारच वर्षं. आपल्याकडे तोच सांगाडा १९६४ पासून २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिला. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. नाव बदललं, जाळी बदलली, दिवे बदलले. काचा आणि दारं जवळजवळ तीच. लायसन्स राजमुळे हे झालं आणि त्याबद्दल आपण नाकं मुरडली ती योग्यच. पण त्याचा परिणाम असा, की १९६८ च्या गाडीला १९९८ च्या गाडीची बहुतेक रबरं चालतात.

आणि ती बनत राहिली कुणासाठी? काकांसारख्या हौशी माणसांसाठी नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांसाठी. पावसात दिवसभर गाडी चालवायची, दार दिवसातून शंभर वेळा उघडायचं-मिटायचं, म्हणजे रबर दोन-तीन वर्षांत संपणारच. हजारो टॅक्सींना रबर लागायचं म्हणून छोटे कारखाने ते काढायचे. दाराची पट्टी कशी काढतात? धातूच्या एका जाड चकतीत पट्टीच्या आडव्या छेदाच्या आकाराचं भोक असतं, त्याला डाय म्हणतात. त्यातून रबर दाबून काढायचं, शेवया काढतो तसं. डाय आहे तोवर पट्टी आहे. मागणी थांबली की डाय एखाद्या कोपऱ्यात पडते, मग किलोच्या भावाने जाते.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेव आरटीओमधली. म्हणजे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती सेवेतून गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत केवढे हळवे लेख आले होते, आठवतंय? टॅक्सीचा तो ठोकळ्यासारखा आकार, वरचं कॅरियर, पावसातलं मरीन ड्राइव्ह... सगळं आलं. पण त्या दिवशी रबराच्या डायचाही पोशिंदा गेला, हे कुणी लिहिलं नाही. ज्या टॅक्सीवाल्यांना आपण मीटरवरून भांडत होतो, त्यांनीच नकळत आपल्या घरच्या जुन्या गाड्या पन्नास वर्षं जगवल्या.

मी फिरलो तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत मिळून बरंचसं मिळालं. पुढच्या काचेचं मिळालं, मागच्या काचेचं मिळालं, डिकीचं मिळालं. दाराचं बीडिंग मिळालं पण जरा जाड. पुढच्या दारातल्या तिकोनी छोट्या काचेचं रबर मात्र एकाच दुकानात होतं, आणि दुकानदार म्हणाला, "साहेब, दोन जोड्या आहेत. दोन्ही घेऊन जा. पुढच्या वेळी विचारू नका." दोन्ही घेतल्या.

काम कसं होतं तेही थोडक्यात सांगतो, कारण बघायला फार छान असतं. जुनं रबर कापून काच काढतात. मग पत्र्याची कड घासून गंज काढायचा, जिथे पत्रा गेला तिथे नवीन तुकडा वेल्ड करायचा, वर रेड ऑक्साइड मारायचा. हे न करता नवं रबर बसवणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं रचणं. मग नवीन रबर काचेभोवती चढवतात. त्याला दोन खाचा असतात, एकीत काच आणि दुसरीत पत्र्याची कड. दुसऱ्या खाचेत सगळीकडून एक बारीक दोरी भरून ठेवायची आणि तिची दोन टोकं गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून काच तळहाताने दाबून धरायची आणि मिस्त्रीने आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ टुणकन पत्र्याच्या कडेवर चढतो. जोर लावायचा नाही. जोर लावला तर काच जाते.

दाराच्या पट्टीची परीक्षा सोपी असते. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज सुटली तर तिथे फट आहे. अजिबात निघेना तर पट्टी जाड आहे, आणि दार आपटून लावावं लागणार. आमची जरा जाड होती म्हणून कुलपाची पट्टी किंचित बाहेर सरकवावी लागली.

आणि या सगळ्यात मिस्त्रीने एक शहाणपणाची गोष्ट दाखवली. दार पूर्ण कोरडं राहावं अशी अपेक्षाच नसते. काच वरखाली होते तिथून थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच. ते बाहेर पडायला दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. धूळ आणि जुना रंग साचून ती बुजतात आणि दार आतून सडतं. रबर जितकं महत्त्वाचं, तितकी ती भोकं महत्त्वाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. माझ्या एका मित्राची गाडी त्यात होती. पाणी ओसरल्यावर बाहेरचा रस्ता कोरडा झाला, पण गाडीत सीटच्या खाली दोन दिवस तळं होतं. रबरांनी आत आलेलं पाणी इमानाने धरून ठेवलं होतं! कोकणातल्या छपरालाही नुसती कौलं पुरत नाहीत, पन्हळ लागते. पाणी अडवण्याइतकंच त्याला वाट देणं हेही शाकारणीचंच काम.

आता घरातल्या वादाबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांत दादा आणि ताई दोघं आहेत :-)

भाचीचं लग्न डिसेंबरात आहे आणि गाडी वरातीला हवी, याबद्दल एकमत आहे. दादाचं म्हणणं, "आधी रंग काढा. एवढ्या लोकांसमोर ती विटकी गाडी कशी न्यायची? रबरं काय, नंतर करता येतील." जमवलेले पैसे दोन्हीला पुरणारे नव्हते. पत्रा आणि रबरं मिळून जो खर्च आला तो रंगाच्या अंदाजपत्रकाच्या निम्माही नाही, तरी तो केला की रंगाला काही उरत नाही हे खरं.

मी रबराच्या बाजूने का होतो ते इथे एकदाचं लिहून टाकतो. गाडीचा रंग १९७७ पासून तोच आहे. पुढच्या मडगार्डवर काकूचा हात टेकून टेकून एक जागा गुळगुळीत झाली आहे. तो रंग काढला तर पुन्हा मिळणार नाही. २०१२ मध्ये ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक सनद स्वीकारली, योगायोगाने 'तुरीन सनद' नावाची. तिचा गाभा हाच आहे, की जुन्या गाडीत हात घालायचा तो जपण्यापुरता, आणि वयाच्या खुणा हा दोष समजायचा नाही. आपल्याकडेही जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्यातही सांगाडा, चासी, इंजिन मूळचं असावं अशी अट आहे. पण अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून काकांनी त्याला साफ नकार दिला. "गाडी चालली पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटी वाद त्यांच्यापर्यंत गेला. दादाने फोनवरून सगळं समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, रंग माणसांना दिसतो. पावसाला रबर दिसतं. माणसं एक दिवस येणार आहेत." दादा हसला आणि पैसे पाठवून दिले. ताईने मात्र अट घातली आहे, की वरातीत झेंडूच्या माळा इतक्या घालायच्या की रंग दिसताच कामा नये. मान्य आहे.

ही नवीन रबरंही जाणार. काही ईपीडीएमची आहेत, ती जास्त टिकतील. काही साध्या रबराची आहेत, ती काळजी घेतली तर दहा-पंधरा वर्षं जातील. तोवर बाजारात कदाचित काहीच मिळणार नाही. म्हणून प्रत्येक पट्टीचा वीतभर तुकडा कापून, कागदात गुंडाळून, वर जागेचं नाव लिहून मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. तिकोनी काचेची दुसरी जोडीही त्यातच आहे. तुकडा हातात असेल तर त्यावरून डाय करता येते. डबा काकांच्या घरी, देवघराशेजारच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. डब्यात ग्लिसरीनची बाटलीही आहे.

घरातल्या पुढच्या पिढीपैकी कुणीतरी हे लक्षात ठेवा. दर वर्षी, मे महिन्यात.